गोंगाट कीं नाद? : विजेच्या गिटारीची गोष्ट



एका पिढीचें संगीत दुसऱ्या पिढीच्या कानांना गोंगाट वाटावें, ही गोष्ट जगांत नवी नाहीं. ध्रुपदाच्या अभिमान्यांना ख्याल उच्छृंखल वाटला. ख्यालाच्या भक्तांनीं नाटकांतील पदांना नाकें मुरडलीं. आणि त्या पदांवर पोसलेल्या रसिकांनीं पुढें बोलपटांतील गाण्यांचा धिक्कार केला. हा वाद बहुधा आवडीनिवडीच्या पातळीवरच राहतो, आणि आवडीनिवडीच्या वादाला शेवट नसतो. आज ज्या संगीताविषयीं मीं बोलावयाचें योजिलें आहे, त्याच्या वांट्याला हा धिक्कार जरा अधिकच आला. इंग्लंड-अमेरिकेंत स्थूल मानानें १९७३ पासून १९७७ पर्यंतच्या काळांत, विजेवर चालणाऱ्या गिटारीभोवतीं उभें राहिलेलें जें रॉक-संगीत, तें हें होय. त्या गोष्टीला आतां पन्नास वर्षें झालीं. त्या वेळचे तरुण श्रोते आज स्वतः आजोबा-आजी झाले आहेत. तरी अजूनही आपल्याकडील एखाद्या सुशिक्षित घरांत नातवाच्या खोलींतून तो आवाज येऊं लागला, कीं "बंद कर तो गोंगाट!" अशी आज्ञा सुटतेच, आणि खोलीचें दार आंतून धाडकन लागतें.

या संगीताची वकिली करण्याचा माझा हेतु नाहीं. शाळामास्तराचा धंदा समजावून सांगण्याचा; आवडावयास लावण्याचा नव्हे. तो आवाज कशानें निघतो, तो निघावा म्हणून कोणीं काय खटपट केली, एवढें समजून घेतल्यावर निवाडा ज्याचा त्यानें करावा. मात्र माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. हा आवाज कोणाच्या निष्काळजीपणामुळें झालेला नाहीं. यंत्राचा एक दोष हेरून, त्याला बुद्धीनें आणि हातांच्या कष्टांनीं ताब्यांत आणून, तो मुद्दाम घडविलेला आहे.

गिटार हें मूळचें मृदु प्रकृतीचें वाद्य. सहा तारा, लांकडी पोकळ पेटी आणि दांडीवर बसविलेले पडदे; सतार ज्यानें जवळून पाहिली आहे त्याला ही रचना तेव्हांच ध्यानांत येईल. तार छेडली कीं तिचें कंपन घोडीवाटे पेटीच्या पातळ लांकडाला पोंचतें, लांकूड हवेला हलवितें, आणि नाद ऐकूं येतो. परंतु हा नाद बेताचाच. मोठ्या वाद्यवृंदांत तुताऱ्या आणि ढोल यांच्या शेजारीं बसलेल्या गिटारवाल्याचें वादन त्याचें त्याला तरी ऐकूं येईल कीं नाहीं, अशी पंचाईत. ही अडचण दूर करण्यासाठीं १९३० नंतरच्या दोनचार वर्षांत अमेरिकेंत विजेची गिटार जन्मास आली. पुढें गिब्सन कंपनीची लेस पॉल ही गिटार १९५२ सालीं, आणि फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर १९५४ सालीं बाजारांत आली. १९७५ च्या सुमारास रंगमंचावर ज्या गिटारी दिसत, त्यांतील पुष्कळशा याच दोन घराण्यांतल्या होत्या.

या गिटारीचें मर्म मॅट्रिकच्या पदार्थविज्ञानांत सांपडतें. तारा पोलादी असतात. त्यांच्या खालीं लोहचुंबक बसविलेला असतो, आणि त्याच्या भोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. चुंबकाच्या सान्निध्यानें पोलादी तारेंतही थोडें चुंबकत्व येतें. ती तार हलूं लागली, कीं वेटोळ्यांतून जाणारें चुंबकीय बळ कमीजास्त होऊं लागतें, आणि त्यामुळें वेटोळ्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानें १८३१ सालीं जें तत्त्व शोधून काढलें, तेंच हें. तारेचीं आंदोलनें सेकंदास ११० असलीं, तर प्रवाहही सेकंदास ११० वेळां पुढेंमागें होतो. हें वेटोळें हवेंतील आवाज ऐकत नाहीं. तें तारेची हालचालच वाचतें. म्हणून अशा गिटारीला पोकळ पेटीची गरज उरत नाहीं. भरीव फळीवरही तारा ताणल्या तरी काम भागतें.

हा प्रवाह अत्यंत क्षीण असतो. त्याला बळ देणारें यंत्र म्हणजे अँप्लिफायर. जुन्या रेडिओंत कांचेच्या नळ्या तांबूस उजेड देत असत, त्या आपणांपैकीं कांहींनीं पाहिल्या असतील. त्यांना व्हॉल्व्ह म्हणत. त्या काळच्या गिटारवाल्यांच्या अँप्लिफायरांत हेच व्हॉल्व्ह असत, आणि अजूनही पुष्कळांचा आग्रह त्यांच्यासाठींच असतो. क्षीण प्रवाह आंत घ्यावयाचा, बलवान करून कर्ण्याकडे धाडावयाचा, एवढेंच त्यांचें काम.

आतां गंमत पाहा. प्रत्येक अँप्लिफायरला शक्तीची मर्यादा असते. तिच्या आंत राहून काम घेतलें, तर आंत आलेली लाट आणि बाहेर पडलेली लाट यांचा आकार सारखा राहतो. आवाज मोठा होतो, पण स्वच्छ. मर्यादेबाहेर काम घेतलें, कीं लाटेचा माथा वर चढण्यास जागा उरत नाहीं. ठेंगण्या दारांतून जाणाऱ्या उंच माणसाला जशी मान वांकवावी लागते, तसा लाटेचा माथा चेपून सपाट होतो. या चेपलेल्या लाटेंत मूळ स्वराशिवाय दुसरे स्वर येऊन मिळतात. मूळ स्वर ११० आंदोलनांचा असेल तर २२०, ३३०, ४४०, ५५० असे त्याच्या पटींतील उपस्वर प्रबळ होतात. आवाज खरखरीत, दाट आणि तेजाळ होतो. इंजिनियर याला विकृति म्हणतात, आणि ती टाळण्यासाठीं त्यांनीं जन्मभर खटपट केली. गिटारवाल्यांना मात्र या विकृतींतच नवा रंग दिसला. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथें वाद्यांचें दुकान चालविणारे जिम मार्शल यांनीं १९६२ पासून जे अँप्लिफायर बनविले, ते या रंगासाठींच पुढें नांवाजले गेले.

यंत्राचा दोष संगीताचा गुण कसा होईल, अशी शंका कोणास आल्यास त्यानें आपल्या घरच्या तंबोऱ्याकडे पाहावें. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे काय करतात? घोडीचा पृष्ठभाग इतक्या बेतानें घांसतात, कीं तार त्यावर पुसटशी टेकत टेकत कंप पावावी. आणि मग तारेखालीं दोरा सरकवून ती जागा नेमकी साधतात. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें तारेनें घोडीला असें घांसणें हा दोषच. पण त्याच दोषामुळें उपस्वर उमलतात, आणि षड्जाला लावलेल्या तारेंतून कोणीं न छेडलेला गांधार ऐकूं येतो. तो येतो कोठून? षड्ज ११० आंदोलनांचा धरल्यास त्याची पांचपट ५५०. आणि तोच दोन सप्तकें वरचा गांधार. ज्या घरांत तंबोऱ्याच्या या स्वयंभू गांधारानें डोळे मिटले जातात, त्या घरांत दुसऱ्या एका वाद्यांतील उपस्वरांना केवळ खरखर म्हणून हंसणें न्यायाचें होणार नाहीं.

दोहोंमध्यें एक महत्त्वाचा फरक आहे, तोही सांगितला पाहिजे. तंबोऱ्यांत उपस्वर ज्याच्या त्याच्या तारेवर वाढतात. अँप्लिफायरांत सगळ्या तारांचे प्रवाह एकाच व्हॉल्व्हमधून चेपून निघतात. म्हणून दोन स्वर एकदम वाजविले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर उत्पन्न होतात. षड्ज ११० आणि पंचम १६५ एकत्र वाजविले, तर त्यांची वजाबाकी ५५. हा मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा षड्ज. म्हणजे न वाजविलेला खर्ज आपण होऊन मिळतो. गिटारीवर पडद्यांची विभागणी पेटीसारखी समान असते; त्या विभागणींत पंचम जवळजवळ शुद्ध राहतो, पण गांधार चढा होतो. त्याची षड्जाशीं वजाबाकी कोणत्याही स्वराशीं नीट जुळत नाहीं, आणि चेपलेल्या आवाजांत ती गढूळ ऐकूं येते. म्हणूनच रॉक-संगीतांतील भारदस्त भागांत गिटारवाला गांधार गाळून षड्ज-पंचमाची जोडी धरून बसतो. अशिक्षितपणामुळें तो दोनच स्वर वाजवितो, असा समज कोणाचा असेल तर तो बरोबर नव्हे. त्या आवाजाचें गणितच त्याला तसें करावयास लावतें.

आणखी एक गुण राहिला. छेडलेल्या तारेचा आवाज क्षणांत विरतो, हें सर्व तंतुवाद्यांचें दुखणें. चेपलेल्या आवाजांत मात्र तार मंदावली तरी बाहेरचा आवाज लगेच उतरत नाहीं, कारण माथा आधींच सपाट झालेला असतो. शिवाय वादक कर्ण्यासमोर उभा राहिला, तर कर्ण्यांतून आलेला नाद तारेला पुन्हा हलवितो, आणि स्वर हवा तितका वेळ टिकतो. टिकणाऱ्या स्वराला वळण देतां येतें. सतारिया जशी तार पडद्यावर आडवी ओढून मींड घेतो, तशीच हे वादकही तार ओढतात. अशा रीतीनें गिटार, जी पूर्वीं केवळ साथीला टिचक्या मारीत असे, ती माणसाच्या कंठासारखी गाऊं लागली. १९७० च्या दशकाच्या मध्यास रॉक-संगीताचा सारा डोलारा उभा राहिला तो तिच्या या नव्या कंठावर.

या डोलाऱ्यामागें किती प्रकारचीं माणसें होतीं, याचीं दोनतीन उदाहरणें देतों. बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यांत काम करीत असतां टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें यंत्रांत गेलीं. तो डावखुरा; म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं, त्यांवर कातडें चढविलें, हलक्या तारा लावल्या, आणि पुढें १९७१ पासून तारा उतरवून सैल ठेवल्या. ब्लॅक सॅबथ या त्याच्या मंडळाचा घनगंभीर आवाज पुष्कळ अंशीं या दुर्दैवांतून निघाला. अमेरिकेंत टॉम शोल्झ हे यंत्रशास्त्राचे पदवीधर पोलरॉइड कंपनींत नोकरी करीत आणि रात्रीं घराच्या तळघरांत स्वतः मांडलेल्या सामानावर ध्वनिमुद्रण करीत. त्यांतून १९७६ सालीं 'बॉस्टन' ही तबकडी निघाली. एकट्या अमेरिकेंत तिच्या दीड कोटींहून अधिक प्रती खपल्या. लेड झेपलिन या मंडळाचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट हे १९७२ सालीं मुंबईस आले होते, तेव्हां त्यांनीं येथील वादकांना बरोबर घेऊन आपलीं दोन गाणीं मुद्रित केलीं. १९७५ सालीं त्यांचें 'काश्मीर' नांवाचें गाणें प्रसिद्ध झालें. नांव काश्मीरचें असलें, तरी कल्पना सुचली ती मोरोक्को देशांतील वाळवंटी रस्त्यावर.

परंतु माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा लंडनजवळच्या फेल्टम गांवांतील एका साध्या घरांत आहे. त्या घरांत ब्रायन मे नांवाचा मुलगा राहत असे. जन्म १९४७ चा. त्याला विजेची गिटार हवी होती, पण ती विकत घेण्याची घरची ऐपत नव्हती. वडील हॅरॉल्ड मे हे विद्युत्-यंत्रांचे जाणकार आणि हातांचे कसबी. १९६३ सालीं बापलेकांनीं गिटार घरींच करावयास घेतली, आणि सुमारें दोन वर्षांनीं ती पुरी झाली. दांडी केली ती एका जुन्या शेगडीच्या चौकटीच्या महॉगनी लांकडाची. त्यांत किड्यांनीं भोंकें पाडलीं होतीं, तीं आगपेटीच्या काड्यांनीं बुजविलीं. पेटीसाठीं जुन्या टेबलाचें ओक लांकूड उपयोगांत आणलें. पडद्यांच्या खुणा म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्याचीं बटणें बसलीं. तारा सैल-घट्ट करण्याची जी कळ असते, तिच्यासाठीं जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा घेतल्या, आणि कळीच्या दांड्याच्या टोंकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा लावला. नखीच्या जागीं ब्रायन सहा पेन्सचें नाणें वापरूं लागला, आणि आजही वापरतो. त्या नाण्याच्या दातेरी कडेनें प्रत्येक आघाताला किंचित खरखरीत धार येते.

हा सारा खटाटोप केवळ काटकसरीचा नव्हता. कर्ण्याच्या नादानें गिटारीनें नेमका किती प्रतिसाद द्यावा, याचा विचार करून त्यांनीं भरीव लांकडांत पोकळी ठेवली. चुंबकाचीं तीन वेटोळीं बसविलीं, आणि प्रत्येकाला दोन-दोन कळी दिल्या. एक चालू-बंद करण्याची, दुसरी प्रवाहाची दिशा उलटविण्याची. दोन वेटोळ्यांचे प्रवाह एकाच दिशेनें जोडले तर आवाज भरीव होतो. उलट जोडले तर कांहीं उपस्वर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि आवाज अणकुचीदार होतो. अशा त्या सहा कळींच्या जुळणींतून एकाच वाद्याचे कितीतरी कंठ निघाले. ब्रायन मे यांनीं पुढें लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत पदार्थविज्ञानाची पदवी घेतली, सूर्याभोंवतींच्या धूलिकणांवर संशोधन आरंभिलें, आणि कांहीं काळ दक्षिण लंडनमधील एका शाळेंत गणितही शिकविलें. मास्तरांच्या जातींतला असा माणूस त्या क्षेत्रांत सांपडावा, याचा मला थोडा अभिमान वाटतो, हें कबूल करतों.

१९७० सालीं 'क्वीन' नांवाचें मंडळ उभें राहिलें. त्यांत मे यांच्या जोडीला जे गायक होते, त्यांचा आपल्या महाराष्ट्राशीं ऋणानुबंध आहे. जगानें त्यांना फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलें. घरचें नांव फारुख बल्सारा. पारशी कुटुंबांत, १९४६ सालीं, झांझिबार बेटावर त्यांचा जन्म झाला, आणि वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास सातारा जिल्ह्यांतील पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत ते राहण्यास आले. तेथें त्यांनीं पियानोचे धडे घेतले, आणि शाळेंतील मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' नांवाचें एक वाद्यमंडळही काढलें. सह्याद्रीच्या थंड हवेंत पियानो शिकलेला हा मुलगा आणि फेल्टमच्या घरांत लांकूड तासणारा तो मुलगा लंडनमध्यें एकत्र आले. चौघांतले जॉन डीकन हे विद्युत्शास्त्राचे विद्यार्थी, आणि ढोल वाजविणारे रॉजर टेलर जीवशास्त्राचे पदवीधर. उनाड पोरांचा हा धंदा, असें ज्यांना वाटतें त्यांनीं ही पटावरची नांवनिशी ध्यानांत घ्यावी.

१९७५ सालच्या नोव्हेंबरांत त्यांची 'अ नाइट ॲट द ऑपेरा' ही तबकडी निघाली. त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची फीत दोन इंच रुंद असे आणि तिच्यावर चोवीस समांतर पट्टे असत. एका पट्ट्यावर एक ओळ वाजवावयाची, ती ऐकत दुसऱ्या पट्ट्यावर तिला जुळणारी दुसरी ओळ वाजवावयाची, मग तिसरी. या पद्धतीनें मे यांनीं एका गिटारीचा वाद्यवृंद केला. 'गुड कंपनी' नांवाच्या गाण्यांत जुन्या जॅझ मंडळांतील क्लॅरिनेट, तुतारी, ट्रॉम्बोन हीं वाद्यें ऐकूं येतात; पण तेथें त्यांपैकीं एकही वाद्य नाहीं. फुंकून वाजणाऱ्या प्रत्येक वाद्याचा स्वर कसा उगवतो, कसा फुगतो आणि कसा मावळतो, याचा अभ्यास करून तो गिटारीच्या तारेवर उतरविला आहे. आणि या कामीं जो अँप्लिफायर वापरला, तो जॉन डीकन यांना रस्त्यावरच्या कचऱ्यांत सांपडलेल्या एका चकतीपासून बनविलेला! एक लहानशी पेटी, नऊ व्होल्टची बॅटरी, एवढाच त्याचा संसार. वाद्यांचे आवाज विजेनें कृत्रिम रीतीनें बनविणारे सिंथेसायझर तेव्हां नुकतेच प्रचारांत येत होते. पण आम्हीं तें यंत्र वापरलेलें नाहीं, अशी सूचना या मंडळीनें आपल्या त्या काळच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर छापली होती. तें यंत्र त्यांनीं प्रथम वापरलें १९८० सालीं.

याच तबकडींतील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हें गाणें ५ मिनिटें ५५ सेकंदांचें. एवढें लांब गाणें रेडिओवर कोण लावणार, अशी शंका तेव्हां बोलून दाखविली गेली. प्रत्यक्षांत तें इंग्लंडांत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें. आवाजावर आवाज चढवितांना फीत यंत्रांतून इतक्या वेळां फिरली, कीं तिच्यावरील लेप झिजून उजेड आरपार दिसूं लागला, असें त्या मंडळींनींच पुढें सांगितलें. गाण्याच्या मध्यास गिटारीची एक छोटी स्वतंत्र ओळ आहे. ती लांबत नाहीं, कसरत करीत नाहीं. आधींच्या गाण्यांतील दुःख शब्दांवांचून पुढें नेते, आणि जागा मोकळी करून देते. आपल्याकडे बंदिशीच्या दोन ओळींच्या मध्यें सारंगिया जें काम करतो, तेंच हें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप मोठेपणाचा. आणि तो अगदीं खरा आहे. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसांतून आठ तासांपेक्षां अधिक ऐकूं नये, आणि त्यापुढें दर तीन डेसिबेलला ही मुदत निम्मी होते, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. त्या हिशेबानें १०० डेसिबेलच्या आवाजाला पाव तासच परवानगी. 'द हू' या मंडळाचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनीं आपले कान बिघडल्याचें जाहीरपणें सांगितलें आहे. तेव्हां आजीनें "आवाज कमी कर" म्हणणें हें शहाणपणाचेंच. पण आवाज कमी करणें आणि गाणें बंद करणें या दोन निराळ्या गोष्टी. चेपलेल्या लाटेचा रंग एकदां मुद्रित झाला, कीं तो हलक्या आवाजांतही तसाच राहतो. आणि नुकताच सांगितलेला बॅटरीवरचा डबा हेंही सिद्ध करतो, कीं भारदस्तपणा मोठेपणांत नसून उपस्वरांत आहे. घरांतील तंटा मिटविण्यास एवढें ज्ञान पुरेसें व्हावें.

दुसरा आक्षेप पसाऱ्याचा. त्या काळचीं कित्येक मंडळें दहा-दहा, वीस-वीस मिनिटें गिटारीची कसरत करीत बसत, आणि रंगमंचावर धूर, दिवे, झगमगीत पोषाख यांचें स्तोम माजलें होतें. हें खरें आहे. आणि त्याविरुद्ध पहिलें बंड केलें तें इंग्लंडच्याच तरुणांनीं. १९७६-७७ सालीं पंक नांवाचें आंखूड, उघडेंवाघडें संगीत पुढें आलें, तें याच पसाऱ्याला कंटाळून. ज्या प्रकारांत उत्तम असतें त्यांत भाराभर सामान्यही असतें. कीर्तनांत असतें, नाटकांत असतें, आणि रेडिओवरील भाषणांतही असतें.

तिसरा आक्षेप असा, कीं हें वाद्यच परकें आणि यांत्रिक. यांत संगीत तें काय असणार? या आक्षेपाला मी आपल्या रेडिओच्याच इतिहासांतून उत्तर देतों. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं बाजाच्या पेटीला आपल्या दालनांतून हद्दपार केलें. कारण सांगितलें तें असें: हें वाद्य परकें, याचे स्वर ठरीव, यांत मींड नाहीं, श्रुति नाहीं. शास्त्रदृष्ट्या आक्षेप खोटा नव्हता. पण गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनीं त्याच पेटीवर महाराष्ट्राला रिझविलें होतें, आणि आपल्या नाट्यसंगीताचा तर ती प्राण होती. बंदी शिथिल होऊं लागली ती १९७१ सालीं. मध्यंतरीं तीन दशकें गेलीं. वाद्याचा दोष शास्त्रांत असूं शकतो. संगीत मात्र वाजविणाराच्या हातांत असतें. तो हात ऐकल्याशिवाय निकाल दिला, तर नुकसान श्रोत्याचेंच होतें.

मग ऐकावें कसें? एक साधी रीत सांगतों. प्रथम आवाज हलका ठेवावा. पहिल्या वेळीं शब्दांकडे लक्ष न देतां फक्त सर्वांत खालचा स्वर धरावा. तोच या गाण्याचा तंबोरा. दुसऱ्या वेळीं गिटारी किती आहेत हें मोजावें. उजव्या कानाला एक आणि डाव्या कानाला दुसरी असें पुष्कळदां असतें. तिसऱ्या वेळीं एकच स्वर निवडून तो किती वेळ टिकतो आणि विरतांना त्याचा रंग कसा बदलतो, हें पाहावें. एवढें करूनही तें संगीत रुचलें नाहीं, तर खुशाल नापसंत ठरवावें. मात्र ती नापसंती ऐकून ठरविलेली असेल, आणि नातवाला तिचें कारण सांगतां येईल.

शेवटीं त्या फेल्टमच्या घराकडे एकदां पाहूं. ज्या वडिलांनीं मुलाबरोबर दोन वर्षें लांकूड तासलें, त्यांनाच मुलानें १९७४ च्या सुमारास संशोधन सोडून गिटार हाच धंदा धरला तेव्हां तें मुळींच रुचलें नाहीं. एवढें शिक्षण वायां गेलें, अशी त्यांची खंत होती. आणि बापलेकांत दीर्घ काळ अबोला राहिला. पुढें मुलानें आईवडिलांना न्यूयॉर्कला नेऊन मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रम दाखविला, तेव्हां वडिलांची समजूत पटली, असें ब्रायन मे यांनीं स्वतः सांगितलें आहे. त्यांनीं तो अर्धवट राहिलेला प्रबंध पुरा करून २००७ सालीं डॉक्टरेट मिळविली. त्या दिवशीं कौतुक करण्यास वडील हयात नव्हते.

हॅरॉल्ड मे अडाणी नव्हते, कठोरही नव्हते. आपल्याच हातांनीं घडविलेल्या वाद्याचा आवाज ओळखावयास त्यांनाही इतकीं वर्षें लागलीं; मग आपणांस लागलीं तर त्यांत नवल नाहीं. पण अबोल्यांत गेलेले दिवस परत मिळत नाहींत. म्हणून आपल्या घरांतील त्या बंद दारावर टकटक करून, "काय ऐकतोस रे? मलाही ऐकूं दे," एवढें जर कोणी आजोबांनीं म्हटलें, तर आजच्या माझ्या बोलण्याचें सार्थक झालें असें मी समजेन.